पाठीला पाठ लावून पाहिलेला गुरू

आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या हिवाळ्यात मला वाटलं होतं, शेजारच्या म्हातारा-म्हातारीचं कडाक्याचं भांडण चालू आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं मागचं अंगण सरळ दिसायचं. मधली भिंत छातीएवढी, काळ्या दगडाची. त्या अंगणात फरशीवर दहिवर गोठून पांढरं झालेलं असताना दोन लाकडी खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडलेल्या, आणि त्यांवर हे दोघं. त्याचं तोंड कोळशाच्या खोलीकडे, तिचं आमच्याकडे. दोघांच्याही मांडीवर फळकुट, त्यावर कागद. एक जण उठायचा, शेजारी उभ्या केलेल्या जाड हिरव्या नळकांड्याला डोळा लावायचा, येऊन बसायचा, कागदावर काहीतरी गिरवायचा. मग दुसरी उठायची. तोंडातून चकार शब्द नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलं, इथली माणसं भांडतात तेसुद्धा किती थंडगार बघा. हे म्हणाले, तू तुझी भाकरी बघ, करपतेय.

आम्ही मूळचे इचलकरंजीचे. ह्यांचा हात मागावर बसलेला, म्हणून यॉर्कशरच्या या खोऱ्यातल्या लोकरीच्या गिरणीत काम मिळालं आणि आम्ही बाडबिस्तरा घेऊन आलो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले. निम्म्याहून जास्त आयुष्य माझं इथं गेलं, तेव्हा आता मी कुठली म्हणून विचारू नका, मला राग येतो.

शेजारी म्हणजे विल्फ बॅरक्लफ आणि एडिथ. दोन-तीन महिने मी त्यांना नवरा-बायकोच समजत होते. एकदा भिंतीवरून एडिथला विचारून बसले, लग्नाला किती वर्षं झाली? ती इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. ती दोघं सख्खी बहीण-भाऊ. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. आई-बापांच्या घरात राहायची, आणि दोघंही कालव्याकाठच्या लोकर रंगवायच्या कारखान्यात रंगाची शेड, म्हणजे छटा, जुळवायच्या कामाला होती. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा त्याला 'विल्फ' म्हणून हाक मारायची. मला मेलं वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारवेना. मी 'विल्फभाऊ' म्हणायला लागले. त्यांना वाटलं, आमच्याकडे हे नाव असंच उच्चारत असतील. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते मला 'पोरी' म्हणायचे, अगदी माझे केस पिकल्यावरसुद्धा.

ते पाठीला पाठ लावून बसणं कारखान्यातून घरी आलेलं होतं. तिथं रंगवलेली लोकर मूळच्या नमुन्याशी जुळते की नाही, हे ठरवायला दोन माणसं लागायची. उत्तरेच्या खिडकीशी एकानं बघायचं, आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी घडी करायची. मग दुसऱ्यानं. मध्ये बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, भुवई उडवायची नाही. कारण एकदा का कोणी म्हणालं की लाल जरा चढलाय, की दुसऱ्यालाही लाल चढलेलाच दिसतो. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर माल पुढे जायचा, नाहीतर थांबायचा. या कामात दोघांनी जन्म काढला. त्यामुळे विल्फभाऊंनी पिंपावर काच घासून घासून दुर्बिणीचा आरसा घरी तयार केला तेव्हा तिलाही तोच कायदा लागू झाला.

दुर्बीण ठेवायचे जुन्या बाहेरच्या संडासात. संडास आता घरात आला होता, ती खोली रिकामीच होती. तिन्हीसांजा झाल्या की दार उघडायचं, आणि ते धूड चाकांवरून गडगडत बाहेर यायचं. देवांचा गुरू बृहस्पती आमच्या गल्लीत संडासातून निघालेल्या नळीतून दिसायचा. हे मी एकदा गावी बहिणीला कळवलं तर तिनं मला पापी ठरवलं.

आकाशात त्यांना बघायचं असायचं ते मुख्यतः गुरूच. चंद्र, शनी, तारकांचे झुबके, सगळं काढायचे, पण गुरूवर जीव. कागदावर दोन चपटे गोल छापलेले असत. डावा विल्फभाऊंचा, उजवा एडिथचा. ज्यानं त्यानं दिसेल ते पेन्सिलीनं आपल्या गोलात भरायचं, तेही झटपट, कारण गुरू गरगर फिरतो आणि जास्त वेळ लावला तर नळीतलं चित्र पुढे सरकतं. मग आत जायचं, दोन्ही कागद टेबलावर दिव्याखाली मांडायचे, आणि तोंड उघडायचं ते तेव्हा. एकाच्या गोलात असलेली आणि दुसऱ्याच्या गोलात नसलेली गोष्ट पुसायची नाही, तिच्याजवळ प्रश्नचिन्ह घालायचं. दिव्याखाली आल्यावर खोडरबर हातात घेणं म्हणजे चोरीच. दोन्हीकडे जे जुळेल ते लंडनच्या एका खगोलमंडळाला जायचं, तिथं गुरूचं खातं सांभाळणारा एक माणूस होता, त्याच्याकडे. वर्षानुवर्षं ती पाकिटं जात होती. खाली दोघांची नावं.

आमचे हे गेले त्याच्या पुढच्या वसंतात एडिथ गेली, छातीच्या दुखण्यानं. चॅपेलमध्ये प्रार्थना झाली, मागच्या खोलीत हॅमची सँडविचेस आणि चहा झाला, विल्फभाऊंनी सगळ्यांचे हात हातात घेतले. मला म्हणाले, पोरी, आता तू आणि मी सारखेच. मी मान हलवली. दुसरं काय करणार.

उन्हाळा गेला, ऑक्टोबरात गुरू पुन्हा डोंगरावरून वर यायला लागला, आणि एका संध्याकाळी मी भांडी घासताना वर बघितलं तर अंगणात दुर्बीण उभी, आणि खुर्च्या दोन. पाठीला पाठ लावून. विल्फभाऊ आपल्या खुर्चीवर कोळशाच्या खोलीकडे तोंड करून बसलेले. उठले, बघितलं, बसले, काढलं. मग स्वस्थ बसून राहिले. मला आधी कळेना की हे थांबलेत कशासाठी. मग लक्षात आलं, एडिथची पाळी चालू होती. तिला लागायचा तेवढा वेळ ते तिच्यासाठी सोडत होते. मी नळ बंद केला आणि तिथंच रडले, भांड्यांत हात तसेच ठेवून.

असं बरेच दिवस चाललं. मला ते बघवेना आणि खिडकीचा पडदा ओढवेना. शेवटी मी एक दिवस कांदाभजी घेऊन भिंतीशी गेले आणि विचारलं, ती चित्रं पाठवता का मंडळाला? म्हणाले, नाही. उजवा गोल रिकामा आहे.

"मग डावा तर भरलाय ना? तेवढा पाठवा."

"एकाला दिसलं म्हणजे ते नुसतं त्याचं म्हणणं झालं. म्हणणं मी कधी पाठवलेलं नाही."

मग एवढ्या थंडीत हा उपद्व्याप कशासाठी, असं मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं. त्यांनी भजं तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि बोट वर केलं. गुरू आहे ना वर, म्हणाले.

असल्या माणसाशी काय वाद घालणार? त्यांचं दिसणं कोणाच्याही उपयोगाचं राहिलं नव्हतं आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. तरी रोज संध्याकाळी खुर्च्या मांडत होते. मी ताटली भिंतीवर ठेवली, वळसा घालून मागच्या दारानं त्यांच्या अंगणात शिरले आणि म्हटलं, सरका, मी बघते. त्यांनी विचारलं, चित्र काढता येतं का? मी म्हटलं, रांगोळी येते. रांगोळी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून निभावलं.

पहिल्या दिवशी मला गुरू दिसला तो घागरीच्या तळाशी पडलेल्या मसुरीच्या डाळीएवढा. थरथरतोय, वितळतोय, पुन्हा गोळा होतोय. पण वाकून वाकून कंबरडं मोडायच्या बेताला आलं तेव्हा हवा क्षणभर थांबली आणि त्या डाळीवर दोन तपकिरी पट्टे उमटले. लगेच गेले. मी खुर्चीवर जाऊन बसले, एडिथच्या, आणि मन लावून चित्र काढलं. दोन पट्टे, समसमान, कडा गुळगुळीत, वर जेवढं खाली तेवढंच. टेबलावर ठेवलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा चाट पडणार. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, तू गुरू सजवलास. सजवायचा नाहीये, बघायचाय."

मी चिडले. एवढ्या हौसेनं काढलेलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण घरी जाऊन करायचं तरी काय? हे गेल्यापासून घरात बोलायला भिंती. मुलगा लेस्टरला, त्याचा फोन रविवारी, तोही आई जेवलीस का, बरी आहेस ना, एवढाच. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर मी वटवट करायची, तिथल्या बाया मला रेडिओ म्हणायच्या. संध्याकाळी दार लावलं की तो रेडिओ बंद. आणि इथं, नशीब बघा, शेजारी जिवंत माणूस बसलेला, पाठीला पाठ लागलेली, त्याचा श्वास ऐकू येतोय, आणि बोलायला बंदी. एकदा मला राहवलं नाही, मी म्हणून गेले की आज वरचा पट्टा जाड दिसतोय. विल्फभाऊंनी पेन्सिल खाली ठेवली, आपला कागद फाडला, माझा मागून घेतला, तोही फाडला, आणि दुर्बीण आत ढकलली. ती संध्याकाळ वाया गेली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, पण त्यानंतर मी त्या अंगणात तोंड उघडलं नाही. मला ओळखणारं कोणी हे खरं मानणार नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, ती सांगायलाच हवी. एका संध्याकाळी मला गुरूवर काळा ठिपका दिसला. स्वच्छ, टपोरा. नवीन काहीतरी मलाच आधी दिसतंय, इचलकरंजीच्या मालन खोतला! मी तो ठसठशीत काढला. आत गेल्यावर विल्फभाऊंनी आपल्या गोलाकडे बघितलं, माझ्या गोलाकडे बघितलं, आणि मला पुन्हा बाहेर नेलं. डोळा लाव म्हणाले. ठिपका आहे? मी म्हटलं, आहे. आता मान खांद्याकडे वाकडी कर. मी केली. मान वळली तसा माझा ठिपकाही गुरूवरून घसरत घसरत बाजूला गेला.

"गुरूवरचं असेल ते गुरूवर राहतं," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यातलं असेल ते तुझ्या मानेबरोबर फिरतं. काही नवीन दिसलं की पहिलं काम हे. एडिथनं हे मला शिकवलं, तिला कारखान्यातल्या म्हाताऱ्या फोरमननं शिकवलं."

पापणीचा केस होता माझ्या. मी त्या रात्री घरी येऊन एकटीच हसले. ह्यांना सांगायला हवं होतं असं वाटलं, आणि मग हसू गेलं.

हळूहळू माझा हात वळला. पट्ट्यांच्या कडा कुरतडलेल्या असतात, त्यांत खाचा असतात, एक तांबडा लांबट डाग असतो तो एका बाजूनं येतो आणि गुरूच्या फिरण्याबरोबर दुसऱ्या बाजूला जाऊन दिसेनासा होतो, हे सगळं मला दिसायला लागलं. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी कागदावर घासून तिच्यात बोट बुडवायचं आणि सावली द्यायची, हेही आलं. आमच्या गोलांमधली प्रश्नचिन्हं कमी होत गेली. हिवाळा संपता संपता विल्फभाऊंनी पहिलं पाकीट केलं. खाली त्यांचं नाव आणि त्याखाली माझं. टपालपेटीत ते स्वतः टाकायला गेले, गळ्यात टाय बांधून. त्या वर्षी मंडळाच्या अहवालात आमची दोन्ही नावं छापून आली तेव्हा त्यांनी मला आल्याचा पार्किन केक खायला घातला, दुकानातला नव्हे, एडिथच्या पद्धतीनं स्वतः भाजलेला. दगडासारखा झाला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

पुढचा हिवाळा असाच गेला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात विल्फभाऊंच्या गोलात एक करडा डाग यायला लागला.

खालच्या पट्ट्याच्या जरा खाली, उजव्या अंगाला, मऊ, धुरकट. पहिल्या दिवशी त्यांनी तो टेबलावर ठेवला तेव्हा माझ्या गोलात तिथं काही नव्हतं. कायद्याप्रमाणे प्रश्नचिन्ह पडलं. दुसऱ्या वेळीही पडलं. मग ढग आले, आठवडाभर पाऊस झाला, आकाश उघडलं, आणि डाग होताच. माझ्याकडे नव्हता. विल्फभाऊ तोंडानं काही म्हणत नव्हते, पण त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. जुने अहवाल काढून बसायचे. एकदा म्हणाले, असलं काही तिथं आधी कोणी नोंदलेलं दिसत नाही. मग लगेच अहवाल मिटून ठेवला. चुलीवरच्या फळीवर घड्याळामागे त्यांनी एक पाकीट लावून ठेवलं, मंडळाचा पत्ता घालून, तिकीट चिकटवून, आत सगळी चित्रं. फक्त त्याचं तोंड चिकटवायचं बाकी होतं. माझ्या गोलात तो डाग एकदा आला की पाकीट बंद होणार होतं.

इथं बघ, तिथं बघ, असं ते मला कधी म्हणाले का? नाही. तेवढं इमान होतं. इतकंच म्हणायचे, नीट बघ, पोरी. घाई करू नकोस. पण डोळ्यांत अशी आशा की मला मान वर करून बघवायचं नाही.

आणि मला दुसरं काही दिसायला लागलं होतं. विल्फभाऊ वर्तमानपत्र वाचताना मान तिरकी करून कडेनं वाचायला लागले होते. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, तुझ्या कपाळाला काय लागलंय? काही लागलं नव्हतं. मी कुंकूही लावत नव्हते आता.

एका संध्याकाळी हवा अशी स्थिर झाली की अशी हवा वर्षातून एखाद्या वेळी मिळते. ते आधी उठले, बघून आले, बसले. त्यांची पेन्सिल त्या जागी येऊन रेंगाळली, तो आवाज मी पाठीमागून ओळखला. मग माझी पाळी. गुरू स्वच्छ, कातरून ठेवल्यासारखा. पट्ट्यांमधली एकेक खाच मोजून घ्यावी. खालच्या पट्ट्याखाली, उजव्या अंगाला, फिकट पिवळा कोरा भाग. मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. मान वाकडी केली. कोरंच.

खुर्चीवर येऊन बसले. सगळं काढून झालं आणि बोट भुकटीत बुडालेलं होतं. एकदा टेकवलं की झालं असतं. जागा मला पाठ होती, टेबलावर इतक्या वेळा बघितलेली. एक बोट टेकवायचं, आणि आत दिव्याखाली तो म्हातारा एडिथ गेल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला असता, पाकीट चिकटवून गळ्यात टाय बांधून निघाला असता. लंडनच्या माणसाला खरं-खोटं काय ते कळलं असतं, नसतं, माझ्या बापाचं काय जात होतं? माझं बोट कागदाच्या अगदी जवळ गेलं. पण मग मला वाटलं, मी हे केलं तर या माझ्या खुर्चीत कोणीच बसलेलं नसेल. त्यांचाच डाग त्यांना परत दाखवायचा. म्हणजे ते पुन्हा एकटेच बघत राहतील, फक्त आता त्यांना ते कळणार नाही. मी बोट पदराला पुसलं.

आत गेलो. कागद मांडले. त्यांनी माझा गोल जवळ ओढला, मान तिरकी करून कडेनं बघितला, सरळ करून बघितला.

"एडिथला दिसलं असतं," ते म्हणाले.

इतकी वर्षं मी ऐकून घेतलं होतं, रांगोळीचं, सजवल्याचं, कागद फाडलेले. हे मात्र मला लागलं. आणि मला राग आला की मग मी कोणाची नाही. मी घड्याळामागचं पाकीट ओढलं, आतली सगळी चित्रं काढली आणि टेबलावर एका ओळीत मांडली. म्हटलं, हे बघा विल्फभाऊ, तांबडा डाग बघा. इथं डावीकडे, इथं मधोमध, इथं गेलेला, इथं पुन्हा आलेला. गुरू फिरतो, म्हणून फिरतो तो. तुम्हीच शिकवलंत. आता तुमचा करडा बघा. पाच वाजता काढला तरी तिथंच, आठ वाजता काढला तरी तिथंच. सगळा गुरू फिरतोय आणि हा एकटा का बसून राहिलाय?

चित्रांकडे त्यांनी बघितलंच नाही. तेव्हा मला कळलं की ही ओळ त्यांनी आधीच मांडून बघितलेली आहे, कधीतरी, मी नसताना. माझा राग तिथंच उतरला. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"विल्फभाऊ, मान वाकडी करून बघितलीत का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"पहिल्याच दिवशी करायला हवी होती," ते म्हणाले. "म्हटलं, उद्या करू."

मग ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली, आणि बाहेर गेले. मी चहाचं आधण ठेवायला म्हणून ओट्याशी उभी राहिले, पण नळ सोडला नाही. खिडकीतून दिसत होते. दुर्बिणीला डोळा लावून वाकलेले. त्यांनी मान सावकाश उजव्या खांद्याकडे नेली. थांबले. मग सावकाश डाव्या खांद्याकडे. थांबले. पुन्हा उजवीकडे. घाई अजिबात नाही, जशी शेड बघायची तशी. मग डोळा काढला आणि नळीवर हात ठेवून उभे राहिले, गाय असावी तसा तिच्यावर हात ठेवून. त्या थंडीत किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. मला रडू येत होतं, पण मी रडले नाही, कारण ते खिडकीकडे बघतील असं वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही.

शेवटी मीच शाल गुंडाळून बाहेर गेले. आत चला म्हणणार होते. आमच्या खुर्च्या तशाच होत्या, पाठीला पाठ लावून. मी माझ्या खुर्चीवर बसले, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून, आणि सवयीनं गप्प राहिले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विल्फभाऊंनी आपली खुर्ची उचलली होती. वळसा घालून ते आले आणि त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, माझ्याकडे तोंड करून, आणि तिच्यावर बसले. आमचे गुडघे जवळजवळ लागत होते. त्या अंगणात मी त्यांचा चेहरा कधी समोरून बघितलाच नव्हता.

"तुझी पाळी," ते म्हणाले. "काय दिसतं ते सांग, पोरी. आता बोललं तरी चालतं."

बोलण्यासाठी मी या अंगणात तीन हिवाळे तडफडले होते. मी उठले, नळीला डोळा लावला. डोळ्यात पाणी होतं, गुरू पसरून सगळीकडे सांडला होता. पदरानं पुसलं, पुन्हा लावला.

"वरचा पट्टा जाड आहे," मी म्हटलं. "डावीकडे त्याला एक खाच पडलीय."

"केवढी?" त्यांनी विचारलं, आणि मी नीट बघायला लागले.